फलाटाची उंची आणि डब्याची फरशी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात उपनगरी रेल्वेच्या डब्यांवर लेख होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रं दारापाशीच येऊन थांबतात : फलाट आणि डबा यांच्यामधली पायरी आणि फट. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. खालच्या सगळ्या उंच्या रुळाच्या माथ्यापासून मोजलेल्या आहेत. ‘बोगी’ म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, डब्याखालची चार चाकांची चौकट.

प्रश्न : अमेरिकेतल्या काही उपनगरी गाड्यांत तीन-चार पायऱ्या चढून जावं लागतं, तर काहींत फलाटावरून थेट आत पाऊल टाकता येतं. एकाच देशात एक उंची का ठरली नाही?

तिथे मुख्यतः दोन उंच्या आहेत : ८ इंच (२०३ मिमी) आणि ४८ इंच (१२१९ मिमी). ८ इंचांचा फलाट म्हणजे जवळपास जमीनच. तो स्वस्तात होतो, मालगाडीला अडत नाही आणि मालडब्याच्या बाजूला लटकून जाणाऱ्या कामगाराला धडकत नाही. जिथे रूळ मालगाड्यांच्या मालकीचे, तिथे हीच उंची टिकली. न्यूयॉर्कच्या आसपास प्रवासी वाहतूक इतकी दाट होती की फलाट उंच करणं परवडलं. लाँग आयलंड रेल रोडवर १९६८ मध्ये एम-१ गाड्या आल्या त्याच मुळी पायऱ्या नसलेल्या. त्यासाठी विजेच्या मार्गावरचे फलाट ४८ इंचांवर नेले गेले. आमच्या मते अमेरिकी उपनगरी रेल्वेतला हा सर्वांत शहाणा निर्णय, कारण तिथे फलाट आणि डबा एकत्र ठरवले गेले.

दोन्ही उंच्यांच्या स्थानकांवर धावणाऱ्या गाडीला मात्र तडजोड करावी लागते. डब्याची फरशी ४८ इंचांच्या फलाटाला जुळणारी, टोकाच्या दारांत खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर बिजागरीने बसवलेलं लोखंडी झाकण. त्याला ट्रॅप म्हणतात. फलाट उंच असला की झाकण खाली, बुटका असला की कर्मचारी ते उचलून भिंतीला अडकवतो. झाकण जड असतं आणि हातानेच उचलावं लागतं, म्हणून बुटक्या फलाटावर कर्मचारी असेल तेवढीच दारं उघडतात. आठ डब्यांच्या गाडीत तीन माणसं असतील तर अख्खी गर्दी त्या तीन-चार दारांनी उतरते. गाडी स्थानकात रेंगाळते ती इथे.

युरोपात नव्या फलाटांसाठी ५५० आणि ७६० मिमी या दोन प्रमाण उंच्या आहेत, ब्रिटनमध्ये ९१५ मिमी, जपानच्या विजेच्या उपनगरी मार्गांवर साधारण ११०० मिमी. कुठली उंची निवडली यापेक्षा एका मार्गावर एकच उंची असणं जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : दुमजली डब्यात उंच फलाटावरून सरळ खालच्या मजल्यावर का जाता येत नाही?

कारण ४८ इंच ही उंची दोन्ही मजल्यांच्या मधोमध येते. नवं चाक ३६ इंच (९१४ मिमी) व्यासाचं. त्यावर बोगीची चौकट, स्प्रिंगा आणि डब्याचा तळ आला की बोगीवरची फरशी चार फुटांच्या आसपास जाते. खालचा मजला त्यापेक्षा खाली हवा, म्हणून तो दोन बोगींच्या मधल्या भागातच बसतो. उंच फलाटावरून येणारा प्रवासी बोगीवरच्या मधल्या पातळीवर शिरतो आणि तिथून काही पायऱ्या वर किंवा खाली जातो. न्यू जर्सी ट्रान्झिटचे मल्टिलेव्हल डबे असेच आहेत. हडसन नदीखालच्या बोगद्यांमुळे त्यांची एकूण उंची १४ फूट ६ इंच (४.४२ मीटर) इतकीच ठेवावी लागली. तळाची आणि छताची जाडी वजा केली की दोन मजल्यांना मिळून चार मीटरसुद्धा उरत नाहीत.

बुटक्या फलाटासाठी गणित उलटं. टोरोंटोच्या गो ट्रान्झिटसाठी १९७०च्या दशकात तयार झालेल्या बायलेव्हल डब्यात दारं थेट खालच्या मजल्यात आहेत, फरशी साधारण २५ इंचांवर (६३५ मिमी). डबा १५ फूट ११ इंच उंच आहे, कारण वर अडवायला बोगदा नाही. ८ इंचांच्या फलाटापासून २५ इंचांपर्यंत १७ इंचांचा फरक उरतो, तो दारातल्या पायरीने तोडलेला आहे.

गॅलरी डबा हा तिसरा प्रकार, शिकागो भागातला. पहिले १९५० मध्ये बर्लिंग्टन रेल्वेवर आले. त्यात वरचा मजला सलग नसतो. दोन्ही बाजूंना एकेका आसनाची रांग आणि मधोमध मोकळी पोकळी. तिकीट तपासनीस खालच्या वाटेवर उभा राहून हात वर करतो आणि वरच्या प्रवाशाचं तिकीट पाहतो, त्याला वर चढावं लागत नाही. दार डब्याच्या मध्यावर असल्याने चढणं-उतरणं मात्र एकाच ठिकाणी तुंबतं.

एकमजली डब्याची फरशीच खाली का आणत नाहीत, असंही एका वाचकाने विचारलं आहे. अमेरिकेच्या जुन्या नियमानुसार डब्याने टोकाकडून ८ लाख पौंडांचा (सुमारे ३६३ टन) दाब कायमचा न वाकता सोसला पाहिजे. हा दाब सरळ तुळईतून गेला तर डबा हलका राहतो. फरशी मध्येच खाली उतरवली की तो वळसा घेऊन जातो आणि प्रत्येक वळणावर जादा पोलाद घालावं लागतं. २०१८ मध्ये नियमांत टकरीची ऊर्जा शोषणाऱ्या रचनांना पर्यायी मार्ग मिळाला, त्यामुळे युरोपीय पद्धतीच्या कमी उंचीच्या गाड्यांची वाट सोपी झाली.

प्रश्न : नवी गाडी आली तेव्हा फरशी फलाटाला अगदी समपातळीत होती. आता काही ठिकाणी तीन-चार सेंटिमीटरची पायरी पडली आहे. डबा खचला का?

आधी पायरी कुठल्या दिशेची आहे ते पाहा. बरंचसं निदान तिथेच होतं.

फरशी फलाटापेक्षा खाली गेली असेल तर कारण बहुधा डब्यात. चाक झिजतं आणि वेळोवेळी लेथवर कातून गोल करावं लागतं. ९२० मिमीचं चाक ८५० मिमीपर्यंत वापरलं तर व्यासात ७० मिमी जातात आणि फरशी त्याच्या निम्मी, म्हणजे ३५ मिमी, खाली येते. म्हणून चाक कातलं की बोगीत ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्या (शिम) घालून उंची भरून काढायची असते. बोगीतले रबरी स्प्रिंगही वर्षानुवर्षांच्या भाराने काही मिलिमीटर दबतात. त्यांचाही हिशेब याच वेळी करायचा.

इथे एक चूक वारंवार होते. डब्याचा भार एअर स्प्रिंगवर, म्हणजे हवा भरलेल्या रबरी उशीवर, असतो आणि लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी डबा व बोगी यांच्यातलं अंतर ओळखून हवा भरते किंवा सोडते. शिम घालायला डबा उचलावा लागतो, दांडी लांब करायला पाच मिनिटं पुरतात. मग दांडी लांब करून काम भागवलं जातं. फरशी वर येते खरी, पण एअर स्प्रिंग आपल्या ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त ताणलेला राहतो. त्याचं वागणं बदलतं, डबा जास्त डुलतो आणि रबर लवकर जातं. शिम एअर स्प्रिंगच्या खाली गेली पाहिजे, म्हणजे स्प्रिंगची स्वतःची उंची तीच राहते.

गर्दी एकदम चढल्यावर फरशी क्षणभर खाली जाते आणि सावकाश वर येते, हा मात्र बिघाड नाही. धावताना बसणाऱ्या प्रत्येक हादऱ्याला व्हॉल्व्हने हवा सोडू नये म्हणून त्यात मुद्दाम विलंब ठेवलेला असतो. एअर स्प्रिंग फुटला तर डबा आतल्या रबरी आधारावर बसतो आणि तेवढाच कोपरा दोन-चार सेंटिमीटर खाली दिसतो.

फरशी फलाटापेक्षा वर गेली असेल तर रुळाकडे पाहा. खडी ठोकून रूळ सरळ करण्याच्या कामात, म्हणजे टॅम्पिंगमध्ये, रूळ दर वेळी थोडा उचलला जातो. एका फेरीत दहा-वीस मिलिमीटर सहज. फलाट जागीच राहतो. काही फेऱ्यांनंतर रूळ आणि गाडी दोन्ही वर, फलाट खाली. त्याच कामात रूळ आडवाही सरकतो आणि फट वाढते. त्यामुळे नवा फलाट बांधताना त्यालगतचा रूळ काँक्रीटच्या पट्टीवर बसवता आला तर बसवावाच. पैसे एकदाच जातात. ते जमत नसेल तर फलाटाच्या कडेला उंचीचं आणि आडव्या अंतराचं कायमचं खूणचिन्ह लावून टॅम्पिंगच्या तुकडीला तीच मर्यादा बांधून द्यावी.

फरशी थोडी वर राहिलेली परवडते, खाली गेलेली नाही. आधी बाहेर येऊन मग बाजूला सरकणारं प्लग दार असेल तर त्याची खालची कड फलाटाला घासते आणि दार उघडतच नाही. म्हणून रचनाकार फरशी फलाटापेक्षा किंचित उंच धरतात.

प्रश्न : मी स्थापत्य शाखेची विद्यार्थिनी आहे. वळणावरच्या फलाटाशी फट किती पडेल हे कागदावर कसं काढायचं?

डबा सरळ, रूळ वाकडा. बोगी रुळावर राहतात, डब्याचा मधला भाग वळणाच्या आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात. बोगीकेंद्र म्हणजे बोगीचा मध्यबिंदू.

मध्याचं सरकणं = बोगीकेंद्रांमधल्या अंतराचा वर्ग ÷ (८ × त्रिज्या).
टोकाचं सरकणं = (डब्याच्या लांबीचा वर्ग − बोगीकेंद्रांमधल्या अंतराचा वर्ग) ÷ (८ × त्रिज्या).

अमेरिकी ८५ फुटी डबा घ्या : लांबी २५.९१ मीटर, बोगीकेंद्रं १८.१४ मीटरवर. त्रिज्या ५०० मीटर. मध्य ८२ मिमी आत जातो, टोक ८६ मिमी बाहेर. फलाट वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर टोक धडकू नये म्हणून तो ८६ मिमी मागे घ्यावा लागतो आणि डब्याचा मध्य तिथून आणखी ८२ मिमी दूर जातो. सरळ रुळावरच्या फटीत मध्यावर १६८ मिमीची भर. सरळ रुळावर ७५ मिमी धरली असेल तर मधल्या दाराशी २४३ मिमी, म्हणजे लहान मुलाचा अख्खा पाय जाईल एवढी. फलाट आतल्या बाजूला असेल तर हीच भर टोकाच्या दारांशी येते.

दार टोकापासून पाव लांबीवर असेल तर? तिथे डबा ४० मिमी आत येतो. बाहेरच्या फलाटाशी भर १२६ मिमी, आतल्या फलाटाशी ४२ मिमी. बोगीच्या नेमक्या वर सरकणं शून्य. म्हणजे वळणाला दार बोगीजवळ हवं, आणि कमी उंचीच्या फरशीला ते बोगीपासून दूर, दोन बोगींच्या मध्ये हवं. बुटक्या फलाटाच्या गाड्यांना वळण जास्त नडतं ते यामुळे.

आता जपानी उपनगरी डबा : १९.५ मीटर लांब, बोगीकेंद्रं १३.८ मीटरवर. त्याच वळणावर मध्य ४८ मिमी, टोक ४७ मिमी. एकूण ९५, अमेरिकी डब्याच्या १६८ समोर. लांब डबा घेतला की बोगी कमी लागतात आणि पैसे वाचतात, पण ते वळणावरच्या प्रत्येक फलाटावर फटीच्या रूपाने फेडावे लागतात.

बाहेरचा रूळ उचललेला असेल तर तेही धरा. १०० मिमी उचललं तर फरशी साधारण १५ला १ अशी कलते. ब्रेक न लावलेली व्हीलचेअर तेवढ्यावर घरंगळते. फलाटाची उंची मोजताना ती दोन्ही रुळांना टेकलेल्या पट्टीच्या काटकोनात मोजा, ओळंब्याने नव्हे. ही चूक आराखड्यांत नेहमी दिसते.

प्रश्न : फट बुजवायला गाडीतून सरकती पायरी का काढत नाहीत?

काढतात. ब्रिटनमध्ये मर्सीरेलच्या ७७७ वर्गाच्या गाड्यांत दार उघडण्याआधी उंबऱ्याखालून पट्टी बाहेर येते आणि फलाटाला भिडते. फ्लोरिडातल्या ब्राइटलाइनवरही अशी सोय आहे. पण अशी पट्टी आडवी फट भरते, उंचीतला फरक नाही. मर्सीरेलला गाड्यांबरोबर फलाटांची उंचीही सारखी करून घ्यावी लागली. शिवाय पट्टी दाराशी जोडलेली असते : ती पूर्ण बाहेर आल्याशिवाय दार उघडत नाही, पूर्ण आत गेल्याशिवाय गाडी निघत नाही. वाळू, बर्फ किंवा खडा अडकला की ते दार बंदच ठेवावं लागतं.

जपानमध्ये काही फलाटांच्या कडेला कंगव्यासारखे दाते असलेली रबरी पट्टी बसवतात. गाडी घासली तर दाते आडवे वाकतात, वरून पाय पडला तर वजन सोसतात. हलणारं यंत्र नाही, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही. तिथे गाडीच्या बाजूनेही काम झालं : ई-२३१ गाड्यांची फरशी ११६५ मिमीवर होती, ई-२३३ मध्ये ती ११३० मिमीवर आणली. आम्हाला हा मार्ग जास्त पटतो.

प्रश्न : मालगाड्या त्याच रुळावरून जात असतील तर फलाट उंच करताच येणार नाही का?

येतो, पण जागा शोधावी लागते. ४८ इंचांच्या फलाटाची कड रूळमार्गाच्या मध्यरेषेपासून नेहमी ५ फूट ७ इंचांवर (१७०२ मिमी) असते. १० फूट ६ इंच रुंदीच्या प्रवासी डब्याशी मग ४ इंचांची फट उरते. मालडबा १० फूट ८ इंचांपर्यंत रुंद असू शकतो. त्याच्यासाठी एका बाजूला ७६ मिमी उरतात, आणि डोलणारा डबा किंवा बाजूला सरकलेला माल तेवढ्यात सहज घासतो. कॅलिफोर्नियाच्या नियमात तर बाजूचं सर्वसाधारण अंतर मध्यरेषेपासून ८ फूट ६ इंच आहे.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे मालगाडीला स्थानकाबाहेरून वेगळा रूळ. जागा नसेल तर गॉन्टलेट ट्रॅक : त्याच स्लीपरांवर रुळांची दुसरी जोडी थोडी बाजूला सरकवून टाकायची. मालगाडी स्थानकापूर्वी त्या जोडीवर जाते आणि फलाटापासून दूर राहून निघते. कॅलिफोर्नियातल्या ‘स्मार्ट’ नावाच्या रेल्वेने २०१७ मध्ये सेवा सुरू केली तेव्हा हाच मार्ग घेतला. दोन्ही टोकांना सांधे आणि सिग्नलची जोडणी लागते, त्यामुळे देखभाल वाढते. दुमडती कड हा तिसरा उपाय. ती स्वस्त आहे, पण मालगाडी येण्याआधी कुणीतरी आठवणीने उचलायला हवी. लांब फलाटावर तो भरवसा ठेवू नये.

प्रश्न : अख्खा फलाट उंच करायला पैसे नसतील तर व्हीलचेअरसाठी किमान काय करावं?

एका दारापुरता उंच ओटा. ८ इंचांवरून ४८ इंचांवर जायला ४० इंच चढायचे. १२ला १ उताराने रॅम्प ४० फूट होतो. एका सलग टप्प्यात ३० इंचांपेक्षा जास्त चढ चालत नाही, म्हणून मध्ये ५ फुटांचा सपाट टप्पा; एकूण ४५ फूट, शिवाय वर खुर्ची वळवायला जागा. गो ट्रान्झिटमध्ये ओटा बुटका असतो आणि गाडी अशी थांबते की इंजिनापासूनचा पाचवा डबा ओट्यासमोर येतो. तिथे कर्मचारी पूलपट्टी, म्हणजे ओटा आणि डबा यांना जोडणारी फळी, टाकतो.

पूलपट्टीच्या उताराला अमेरिकेत मर्यादा आहे : उंचीतला फरक ३ इंचांपर्यंत असेल तर ४ला १, ६ इंचांपर्यंत ६ला १, ९ इंचांपर्यंत ८ला १, त्यावर १२ला १. पट्टीविना समपातळी म्हणायचं असेल तर नव्या कामात फट ३ इंचांच्या आत आणि उंचीतला फरक वर-खाली ५/८ इंच (१६ मिमी) इतकाच. वर सांगितलेली चाकाची ३५ मिमी झीज या १६ मिमीशी ताडून पाहा, म्हणजे शिमचं काम का टाळता येत नाही ते लक्षात येईल.

प्रश्न : दोन उंच्यांना दोन दारं असलेली गाडी हा सोपा मार्ग नाही का?

कॅलिफोर्नियातल्या कॅलट्रेन या उपनगरी रेल्वेने २०२४ मध्ये सुरू केलेल्या दुमजली विद्युत गाड्यांची आखणी तशी होती : खालचं दार आजच्या बुटक्या फलाटांसाठी, वरचं दार पुढे अतिवेगवान गाड्यांबरोबर वापरायच्या उंच फलाटांसाठी. वरची दारं तूर्त बंद करून ठेवली आहेत. प्रत्येक जादा दारामागे आसनं जातात, आणि व्हीलचेअरवरचा प्रवासी खालच्या दाराने चढून वरच्या दाराने उतरणार असेल तर डब्याच्या आत लिफ्ट लागते. संक्रमणाच्या काळापुरता हा मार्ग समजू शकतो. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत कायमचा म्हणून आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : आमच्या प्रवासी संघटनेला फट आणि पायरी मोजून रेल्वेला द्यायची आहे. कशी मोजावी?

रुळाकडे वाकू नका, रुळात उतरू नका. गाडी पूर्ण थांबून दार उघडल्यावर पोलादी काटकोन आणि पट्टी घ्या. फट उंबऱ्याच्या कडेपासून फलाटाच्या कडेपर्यंत आडवी मोजा, पायरी त्याच जागी उभी. दाराच्या दोन्ही बाजूंना मोजा, वळणावर हे आकडे वेगळे येतात. सोबत डब्याचा क्रमांक, दार कितवं, फलाट, डब्यात गर्दी किती आणि फरशी वर की खाली हे लिहा. मग एकच डबा निरनिराळ्या स्थानकांवर आणि एकाच जागी निरनिराळे डबे ताडून पाहा. एकाच स्थानकावर सगळ्या डब्यांना सारखी पायरी येत असेल तर पत्र रूळ विभागाला. एकच डबा सगळीकडे खाली असेल तर गाडीच्या कारशेडला. आणि त्या डब्याचा एकच कोपरा खाली असेल तर एअर स्प्रिंग आणि लेव्हलिंग व्हॉल्व्ह तपासा, असं त्यात स्पष्ट लिहा.